शेळी परत येते ते पान

शनिवार, संध्याकाळ

आज चित्रपट मंडळात पुन्हा तेच बोललो. नारायण पेठेतल्या हॉलमध्ये तो जुना चित्रपट दाखवला. संपल्यावर मी उठून म्हणालो, दिग्दर्शकाने कादंबरीचा जीवच काढून घेतलाय. विकलेली शेळी शेवटी तुटकं दावं ओढत घरी येते, नेमकं तेच गाळलं. सुलभाताई शांतपणे म्हणाल्या, "पान क्रमांक द्या, म्हणजे आम्हालाही हळहळता येईल."

घरी येऊन अख्खी कादंबरी चाळली. दोनदा. शेळी बाजारात जाते आणि पुस्तक संपतं. तुटकं दावं कुठेच नाही. मग इतकी वर्षं मी भांडतोय कशावर?

विश्रांतवाडीला ताईला फोन केला. ती हसलीच. "अरे, बाबा वाचून दाखवायचे ना आपल्याला? शेळी विकली म्हणून तू जेवायलाच उठेनास. मग त्यांनी पुस्तकात बघतच पुढचं रचून सांगितलं."

म्हणजे दिग्दर्शक प्रामाणिक होता. बदल केला बाबांनी, मी चार घास खावेत म्हणून.

पुढच्या शनिवारी मंडळात तक्रार मागे घ्यायची. सुलभाताई काय ते बोलतीलच, बोलू देत. पण शेवट बाबांचाच चांगला आहे, हेही सांगणार.