पोरीला आता विचारू नका

अहो,

नमस्कार. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा, अर्धं वाचून फोन करू नका. इथे पोरीचं घर एका खोलीचं, फोनवर बोललं की तिला सगळं ऐकू जातं, म्हणून लिहिते.

आमच्या तब्येती बऱ्या आहेत. तुमचं खोकल्याचं औषध फडताळात आहे, घेता ना?

काल पुन्हा एका कंपनीने तिला नोकरीला नाही म्हटलं. प्रॉडक्ट मॅनेजरची जागा होती, म्हणजे फोनवरच्या ॲपमध्ये काय हवं, काय नको ते ठरवणारी. मी म्हटलं, एवढंच ना, घरात जन्मभर मी तेच करते, मला ठेवा म्हणावं. हसली बिचारी.

मुलाखत कॉम्प्युटरवर असते. मध्येच माझा आवाज नको म्हणून मी बाहेर जिन्यात बसते. दार उघडलं की माझं तोंड लगेच सुटतं, "घेतलं का गं?" काल नकार आला, तो वाचून तिने आधी माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस." तेवढ्यात तुमचा फोन आला, मग तुमची समजूत काढत बसली. स्वतः रडायची राहूनच गेली. मी धीर द्यायला आले आणि तिच्याच डोक्यावर बसले, हे मला फार लागलंय.

म्हणून सांगते, रोज "झालं का?" विचारू नका. मीही जिन्यातून आले की गप चहा टाकणार आहे. त्यापेक्षा तिला फोनवरून फोटो कसा पाठवायचा ते विचारा. तुम्हाला येतं, माहीत आहे मला. तरी विचारा.

तुमची,
पोरीची आई