गल्ल्यातलं बटण

प्रिय टाचणी,

हे पत्र तुला पोस्टमननं दिलेलं नाही, ब्रेडच्या पिशवीबरोबर मिळालं आहे. ते कसं, ते सांगतेच. फक्त अक्षर ओळखून घडी परत घालू नकोस. माझ्यासमोर कापायच्या टेबलावर बँकेचा एक फॉर्म पडलेला आहे. उद्या शुक्रवार, उद्या तो द्यायचा आहे. त्यावर मी सही केली की एक माणूस चोर ठरतो. तो माणूस कोण, हे गेल्या सोमवारपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

दुकान जिथल्या तिथे आहे. पाटीवरचा रंग उडाला, पण लोकांना वाचायची गरज पडत नाही. बाबांचं मशीन अजून तसंच कुरकुरतं, तेल घातलं की दोन दिवस गप्प बसतं आणि मग पुन्हा सुरू. नवीन कपडे शिवून घेणारे फारसे राहिले नाहीत. सगळे तयार कपडे आणतात आणि माझ्याकडे ते आखूड करून घेतात, त्यामुळे दिवसभर मी दुसऱ्यांनी शिवलेलं उसवत असते. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सुईत दोरा ओवता येतो, पण आधी दोन-तीनदा हुकतो. तू असतास तर हसला असतास आणि मग सुई माझ्या हातातून काढून घेतली असतीस. मोठा आरसा अजून त्याच कोपऱ्यात आहे, आणि तू खडूनं त्याच्या चौकटीवर मारलेल्या तुझ्या उंचीच्या रेघा मी कधी पुसल्या नाहीत.

बटणाचा नियम तुला आठवतो ना? तू कसला विसरतोस. घरातल्या कुणालाही गल्ल्यातून पैसे घ्यायची मुभा होती, फक्त घेतलेल्याच्या जागी बरणीतलं एक बटण टाकायचं. थोडे घेतले तर शर्टाचं लहान बटण, जास्त घेतले तर कोटाचं मोठं. शनिवारी बाबा बटणं मोजायचे, परत बरणीत टाकायचे, आणि कुणी कशासाठी घेतले ते एकदाही विचारायचे नाहीत. आईनं एकदा या लाडांवरून त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, तेव्हा ते म्हणाले होते, "न विचारता घेतलं तर चालेल. न सांगता घ्यायचं नाही." तू लिमलेटच्या गोळ्यांसाठी इतकी बटणं टाकायचास की शनिवारी गल्ल्यात नाण्यांपेक्षा बटणं जास्त असायची. आणि तो सर्कशीचा दिवस! बरणी मी वरच्या फळीवर ठेवली होती, तुझा हात पोचेना, तर तू खुंटीवरच्या बाबांच्या पँटचं बटण कापून गल्ल्यात टाकलंस आणि पळालास. बाबांनी त्या संध्याकाळी एका हातानं पँट धरून आणि दुसऱ्या हातानं टेप धरून गिऱ्हाइकाची मापं घेतली. तुला एक शब्द बोलले नाहीत. पोरानं नियम पाळला, असं आईला मोठ्या कौतुकानं सांगत होते.

आता मुद्द्यावर येते. गेल्या गुरुवारी दुपारी मी एका पँटची शिलाई उसवत बसले होते आणि फोन वाजला. बँकेचा संदेश होता, तुमच्या खात्यातून कार्डानं अमुक इतका खर्च झाला, लॉन्ड्रीत. माझं कार्ड समोर गल्ल्यात पडलेलं, आणि मी मेली लॉन्ड्रीत कधी गेले? असे संदेश गेले काही महिने येत होते, पण मी ते जाहिराती समजून न वाचता पुसून टाकायची. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून बँकेत गेले. तिथे एक चष्मेवाली मुलगी आहे, तिच्या कोटाच्या बाह्या मी दोनदा आखूड करून दिल्या आहेत, त्यामुळे ती मला रांगेत उभं करत नाही. तिनं यादी काढून दिली. नऊ महिन्यांत नऊ खर्च. लॉन्ड्री, बसचं तिकीट, औषधाचं दुकान, चांभार, आणि पाच वेळा एकच बेकरी. रकमा इतक्या किरकोळ की ती म्हणाली, चोर हुशार आहे, कारण एवढ्या रकमेला गुप्त आकडा लागत नाही आणि कुणाचं लक्षही जात नाही. मग तिनं सांगितलं की खर्च माझ्या कार्डावरून झालेलाच नाही, खात्याच्या दुसऱ्या कार्डावरून झालेला आहे.

दुसरं कार्ड म्हणजे तुझं. दुकानाच्या खात्यातून तुझं नाव मी कधी काढलं नाही. का, ते तेव्हा विचारलं असतंस तर कंटाळा केला असं सांगितलं असतं. दर काही वर्षांनी तुझ्या नावाचं नवं कार्ड इथे यायचं आणि मी ते गल्ल्याच्या मागच्या कप्प्यात टाकायची. गेल्या वर्षी एका नाटक मंडळीतली नटी झगा सैल करायला आली होती. तिच्याकडून कळलं की तू इतकी वर्षं त्यांच्या कपडेपटात शिवत होतास, पण मंडळी मोडली, कपडेपटातल्या लोकांना महिनोन्महिने पैसे मिळाले नाहीत, आणि तू कुठे गेलास ते कुणालाच माहीत नाही. त्या आठवड्यात मी ते कार्ड एका पाकिटात घातलं आणि मंडळीच्या जुन्या पत्त्यावर टाकून दिलं. चिठ्ठी लिहिली नाही. लिहायला बसले होते, तीन कागद फाडले, आणि मग नुसतंच पाठवलं. उत्तर आलं नाही. मी समजले की ते पाकीट कुठल्या तरी बंद कचेरीच्या दाराखाली पडून राहिलं असणार. आणि यादी बघितल्यावर मनात आलं की तिथल्या कुणाच्या तरी हाती ते लागलं. तुझा संशय मला आला नाही. तू उपाशी राहशील पण माझ्या पैशाला हात लावणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते. किंवा ओळखते असं वाटत होतं.

चष्मेवालीनं फॉर्म पुढे केला. हे नऊ खर्च माझ्या परवानगीवाचून झाले आहेत, असं त्यावर छापलेलं. सही केली की कार्ड बंद, पैसे परत, आणि मग चौकशी. त्या दुकानांतून कॅमेरे असतात म्हणे, माणूस आठवड्याभरात सापडतो. मी सही तिथेच करणार होते, पण चष्मा सापडेना. फॉर्म घरी घेऊन आले. चष्मा कपाळावर होता.

सोमवारी एका शिक्षकांच्या जाकिटाला जुळणारं बटण हवं होतं, म्हणून मी बरणी टेबलावर पालथी केली. इतकी बटणं एकदम बाहेर काढायची वेळ बऱ्याच वर्षांत आली नव्हती. चाळता चाळता एक तपकिरी शिंगाचं बटण हाताला लागलं आणि त्याच्या भोकांत हिरव्या दोऱ्याचे तुकडे दिसले. शिंगाच्या बटणाला हिरवा दोरा कुठला शहाणा शिंपी लावतो? मी लावला होता. तुझ्या लांब कोटाला. तपकिरी रीळ संपलं होतं आणि नवं आणायचं माझ्या जिवावर आलं होतं, तर तू महिनाभर माझ्या चिक्कूपणाच्या नकला करत होतास. मग मी एकेक बटण बाजूला काढत गेले. बाह्यांची लहान सहा. पुढची मोठी तीन. नऊ.

आणि मग मला ती पाकिटं आठवली. दर महिन्याला एक यायचं, आत एकच बटण, ना नाव ना चिठ्ठी. लोक मला नमुन्याचं बटण पाठवतात, की असंच दुसरं मिळालं तर ठेवा, आणि निम्म्यांना नाव घालायचं भान नसतं. मी कपाळाला हात लावायची, पाकीट फेकून द्यायची आणि बटण बरणीत टाकायची. नऊ वेळा तू गल्ल्यात बटण टाकलंस आणि नऊ वेळा मी ते गिऱ्हाइकाचं समजले. बाबा असते तर पहिल्याच पाकिटाला उठून उभे राहिले असते. लहान बटणं संपली तेव्हा तू मोठी काढायला लागलास. रक्कम तर लहानच होती रे, तेवढ्यासाठी मोठं बटण कशाला?

त्या टेबलापाशी बसून मी खूप रडले. शिक्षक जाकीट न्यायला आले तेव्हा मी त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनमुळे पाणी येतं असं सांगितलं.

आता ते लिहिते, जे त्या तीन फाडलेल्या कागदांवर लिहिता आलं नाही. बँडवाल्यांच्या गणवेशांची आगाऊ रक्कम गल्ल्यातून गेली, जागी बटण नव्हतं, आणि घरात तेव्हा आपण तिघंच होतो. मी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना तुला म्हणाले, "बटण न टाकता घेतलंस, याला चोरी म्हणतात." तू शर्टाचं वरचं बटण तोडलंस, गल्ल्यात टाकलंस आणि म्हणालास, "मी जातोय, त्याचं हे." खुंटीवरचा तो नवा कोट घेऊन तू निघालास आणि मी मागे आले नाही. मला वाटलं, जेवायच्या वेळेपर्यंत येशील. बाबा मशीनवर मान खाली घालून बसून होते. पुढे दर शनिवारी ते गल्ला उघडून विचारायचे, टाचणीचं बटण कुठंय? मला वाटायचं, मला टोचायला विचारतात. त्यांचं विसरणं तेव्हाच सुरू झालं होतं, ते माझ्या लक्षातच आलं नाही. बाबा गेले त्यानंतर कापडवाले काका भेटायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, तुझे वडील किती सरळ माणूस, बँडच्या कापडाचे पैसे मागायच्या आधीच आणून दिले. त्यांच्याकडे पावतीही होती. तारीख तीच. बाबांनीच ते घेतले होते, आणि ज्यानं नियम केला तोच बटण टाकायला विसरला होता. हे कळून नऊ वर्षं झाली, टाचणी. नऊ वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नाही. तुझा पत्ता नाही हे निमित्त मला फार सोयीचं होतं.

मंगळवारी मी त्या बेकरीत फोन केला. बाई होत्या, बोलायला मोकळ्या. मी विचारलं, उंच, बारीक, चाळिशीचा, लांब तपकिरी कोट घालणारा कुणी येतो का? त्या म्हणाल्या, येतो की, दर शनिवारी, बोलतो कमी, पण एकदा त्यांच्या पडद्यांना टीप घालून दिली आणि पैसे घेतले नाहीत. बहुतेक वेळा सुट्टे पैसे देतो, नसले की कार्ड काढतो आणि ते काढताना कानापर्यंत लाल होतो. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "कोट सुतळीनं बांधलेला असतो हो, एवढ्या थंडीत. मी म्हटलं बटणं लावून घ्या, तर म्हणतो, बटणं बहिणीकडे आहेत."

फोन ठेवायच्या आधी मी त्यांच्याकडून पत्ता घेतला आणि म्हटलं, एक पाकीट पाठवते, शनिवारी त्याच्या ब्रेडच्या पिशवीबरोबर द्या. तेवढ्यात गिऱ्हाईक दारातून परत गेलं असेल तर माहीत नाही.

तर पत्र लिहायचं कारण हे. उद्या सकाळी मी बँकेत जाणार आहे आणि त्या फॉर्मवर छापलेलं खोडून खाली लिहून देणार आहे की हे खर्च माझ्या घरच्या माणसानं केलेले आहेत, मला सांगून केलेले आहेत, आणि ते मला वेळेवर वाचता आलं नाही एवढाच काय तो घोटाळा झाला. कार्ड चालू राहील. वापर, आणि लाल होऊ नकोस. मात्र तुझी नऊ बटणं मी पाठवणार नाही. ती आणि तपकिरी दोऱ्याचं नवं रीळ मशीनच्या खणात ठेवलं आहे. बटणं लावायची तर कोट इथे यायला हवा, आणि एवढ्या थंडीत तो तुला अंगावर घालूनच आणावा लागेल. या पाकिटात मात्र एक लहान पांढरं बटण आहे, नीट बघ, हरवेल. तुझ्या त्या शर्टाचं नव्हे, ते मी कुणाला देणार नाही. हे माझ्या ब्लाउजचं आहे, आज दुपारी कापलं. तुझी अकरा वर्षं मी न विचारता घेतली, आणि न सांगता. मोठ्या बटणाचं काम होतं, पण माझ्या अंगावर मोठं बटण नव्हतं.

तुझीच,
ब्लाउजला टाचणी लावून बसलेली
ताई