माणूस आणा, सुट्टी घ्या

ता. ४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू तबेल्यात मोतद्दार होऊन पाच महिने झाले. तुझं पहिलं पत्र चार ओळींचं होतं, हे दुसरं चार पानांचं, आणि चारही पानं स्तुतीनं तुडुंब. स्वच्छ खोली, गरम पाणी, व्यवस्थापक म्हणजे देवमाणूस. आणि शेवटी हळूच, आमच्या शेंडेफळाला पाठवून द्या, जागा रिकामी आहे.

ते कन्यारत्न, म्हणजे तुझी धाकटी बहीण, इकडे ट्रंक काढून बसलंय. तुझी मामी म्हणते की मी शंका काढायलाच जन्माला आलो. असेन. पण पंचवीस वर्षं संस्कृतच्या वह्या तपासल्यावर कॉपी केलेलं उत्तर वासावरून कळतं, आणि हे चार पानी स्तोत्र तुझं वाटत नाही. ज्या मैत्रिणीनं तुला तिकडे बोलावलं, ती कुठे आहे? तू पोचलीस त्याच दिवशी ती सुट्टीवर गेली म्हणालीस. एवढी लांब सुट्टी आमच्या शिक्षणखात्यालाही अजून सुचलेली नाही.

एका माणसाकडे घोडे किती, तेही लिही. उत्तर येईपर्यंत ट्रंक माझ्या खाटेखाली.

तुझ्यावर लोभ आणि पत्रावर संशय असलेला,
मामा

ता. १२ सप्टेंबर

ती. स्व. मामांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणजे ना! दुधात साखर जास्त पडली तरी विचाराल, कुणी घातली आणि का. मैत्रिणीला दुसरं काम मिळालं असेल, मी काय तिच्या पाळतीवर आहे?

घोडे बरेच आहेत, पण गुणी आहेत. तांबडी घोडी तर मी खरारा करायला लागले की डोळे मिटून घेते, अगदी मामी डोक्याला तेल लावून घेताना मिटतात तसे. शेंडेफळाला याच आठवड्यात पाठवा. नंतर जागा राहील असं सांगता येत नाही.

घाईत आहे. मामींना नमस्कार. राग मानू नये, माया कमी करू नये.

तुमची
भिंगरी

ता. १६ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रातला मजकूर मी नंतर वाचला, आधी अक्षर पाहिलं. पाटीवर तुझा हात धरून ते मीच गिरवून घेतलंय. मागच्या पत्रात ते तुझंच होतं. या पत्रात मात्र प्रत्येक अक्षर डावीकडे कललंय आणि शाई तळहातानं पुसली गेलीय. हे डाव्या हातानं लिहिलंस. उजव्या हाताला काय झालंय?

‘बरेच’ ही संख्या मला कुठल्याही कोशात सापडली नाही. आणि जी जागा पाच महिन्यांत दोनदा रिकामी होते, ती आठवडाभरात भरून जाण्याची भीती मला दाखवू नकोस.

मामीला अजून काही बोललेलो नाही. खरं तेवढंच लिही, एका ओळीचं चालेल.

वाट पाहणारा,
मामा

ता. २१ सप्टेंबर

ती. स्व. मामांना,
सा. न.

अकरा. पहिल्यांदा सहा होते. एकजण निघून गेला, त्याचे पाच माझ्याकडे आले.

घोड्याच्या मागून जाताना आधी हाक द्यायची, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. पहाटेपासून उभी होते, विसरले. नव्या घोड्यानं लाथ मारली. मनगट सुजून पावासारखं झालंय. घोड्यांच्या पायाला बांधतात तीच पट्टी बांधून लीद काढते. हाडाच्या डॉक्टरांकडे जायला सुट्टी मागितली, तर व्यवस्थापक म्हणाले, माणूस आणा, सुट्टी घ्या. इथला नियमच तो आहे. पाच महिन्यांत मला एकही सुट्टी नव्हती, म्हणून ती चार पानं लिहिली. मैत्रिणीनं मला असंच आणलं, आणि मी धाकट्या बहिणीला आणायला निघाले होते.

तिला पाठवू नका. नुसतं उठून यावं, तर अकरा घोडे पाण्यावाचून राहतील. काय करू कळत नाही. तुम्ही रागावलात तरी तुमचीच,

भिंगरी

ता. २७ सप्टेंबर, तबेला

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काल फाटकात तू रडायला लागलीस आणि मी घाईनं तुला गाडीत बसवलं, त्यामुळे सांगायचं राहिलं. नियमात माणूस आणा एवढंच आहे; कसा, ते नाही, म्हणून तुझ्या जागी मीच उभा राहिलो. व्यवस्थापकांनी मला घोड्यांचं काही येतं का, हे विचारलंसुद्धा नाही. कामाला कधी लागता, एवढंच विचारलं. अश्व हा शब्द मी सातही विभक्तींत चालवतो. प्रत्यक्ष घोडा अजून एक पाऊलही चालवता आलेला नाही. तुझ्या तांबडीनं माझा चष्मा चाखून पाहिला. बाकीचे चौघे मोतद्दार मला सांभाळून घेतात आणि हसू आवरतात.

आज दुपारी व्यवस्थापक कागद घेऊन आले. म्हणाले, गुरुजी, घरच्यांना लिहा, इथे किती सुख आहे ते; कुणी आलं तर तुम्हालाही सुट्टी. चौघांनाही त्यांनी कागद दिले. दोघांना लिहिता येत नाही, म्हणून मी सांगितलं की सगळ्यांचा मजकूर मी सांगतो. ते खूश झाले. मग अंगणात गवताच्या भाऱ्यांवर बसून आम्ही पाच पत्रं लिहिली. माझं तू वाचतेच आहेस. बाकी चारांत एका माणसाकडे किती घोडे, कुणाला कुठे लागलं आणि सुट्टी कशी मिळते एवढंच आहे, आणि शेवटी, कुणीही येऊ नका. पाकिटांवर तिकिटं व्यवस्थापकांनी स्वतः चिकटवली. वाचलं एकही नाही. आजवर अशा पत्रांनी माणूसच आणलाय.

घोड्यांना उपाशी ठेवायचं नाही, हे चौघांचं ठरलंय. त्यांनी तुझे अकरा वाटून घेतलेत, पण पंधराच दिवस. तोवर नवं कुणी आलं नाही, तर मालकांना जाहिरात द्यावी लागेल, आणि तिचा मजकूरही मीच सांगेन.

सोमवारी शाळा आहे, म्हणून शनिवारी निघतो. हाडाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मामीकडून लिहवून ठेव, तू हाताला त्रास देऊ नकोस. माझ्या अंगाला लिदीचा वास येईल. दार उघडशील एवढा लोभ शिल्लक असावा.

तुझा
मामा