वीज बंद केल्यावरची धूळ

सर,

परवा ती सुरतेत येऊन गेली. तुमची लाडकी. गोडादऱ्यातल्या आपल्या मराठी शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची, ती. मार्क मला जास्त पडायचे, तरी प्रयोगाच्या कपाटाची किल्ली तुम्ही तिला दिलीत. मी कारण विचारलं, तर सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "तुला उत्तरं येतात रे. तिला प्रश्न पडतात." घरी आईनं भाकरी वाढली आणि मी ताट सरकवलं, ते अजून आठवतं.

आता मी सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कापडावर प्लाझ्मा सोडायचं मशीन सांभाळतो आणि ती त्याच प्लाझ्मातल्या धुळीवर संशोधन करते. इथल्या कॉलेजात तिचं व्याख्यान होतं. अर्धी रजा टाकून गेलो, ती कुठेतरी अडखळेल या आशेनं. ती फळ्यावर ठिपके काढत सांगत होती : विरळ वायूतून वीज सोडली की तो चमकतो, तोच प्लाझ्मा; त्यातले चपळ इलेक्ट्रॉन धुळीच्या कणांना चिकटतात, कण ऋणभारित होतात. वीज बंद केली की पापणी लवायच्या आत चमक जाते, कणांवरचा बहुतेक भारही जातो. पण थोडा उरतोच, कुणावर दोन-चार इलेक्ट्रॉनांएवढा. काही कण तर उलटे, धनभारित निघतात. मी उठलो. "एवढासा भार मोजता कसा?" वाटलं, सापडली. ती म्हणाली, "खालून ऊब देऊन कण तरंगता ठेवायचा, मग विजेचा हलका झोका द्यायचा. तो कुठल्या बाजूला, किती हलतो, त्यावरून कळतं." आणि हसून, "सरांनी हेच विचारलं असतं."

तेवढ्यानं मी सुखावलो, सर, या वयात. मग बाहेर चहा पिताना ती सांगू लागली, तुम्ही तिला शेवटपर्यंत पत्रं लिहीत होतात. मी दोन गल्ल्या सोडून राहायचो, मला कशाला लिहाल? कळतं. तरी मी चहा अर्धाच ठेवला. "सर गेल्याचं मला कुणी कळवलंच नाही रे," ती म्हणाली. "माझं पत्र परत आलं, तेव्हा समजलं."

"तुझा नंबर नव्हता कुणाकडे," मी म्हणालो.

तुम्ही गेलात त्या सकाळी तुमच्या घरी काकूंनी तो कागदावर लिहून माझ्या हातात दिला होता. "हिला आधी कळव, ती येईल." मी कागद खिशात घातला आणि फुलं आणायला गेलो.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तिलाही काही सांगणार नाही. तुम्हालाच सांगतो. तुम्हाला खांदा देताना मी रडत होतो, पण आतून बरं वाटत होतं, की तुमच्याजवळ आज मी एकटाच आहे.