हिरव्या चौकटीतलं नाव

६ जानेवारी
जागा झकास मिळाली! सकाळी कोळंचेरीच्या या घरात पेटी घेऊन उतरले. जिला सांभाळायचं ती अम्मच्ची, म्हणजे आजी, एकोणऐंशीची, गुडघे गेलेत, जीभ ठणठणीत. आल्या आल्या विचारलं, कप्प्याचे कंद उकडता येतात की नुसत्या गोळ्याच भरवतेस? म्हटलं, डोंगरातली आहे, कप्पा आणि माशांच्या मीनकरीवरच वाढलेय. म्हातारी खूष.

मुलगा जोजीसार अमेरिकेत. घरात आठ कॅमेरे, जेवणघरातल्या कॉम्प्युटरवर त्यांच्या आठ खिडक्या. फोनवरून सगळं शिकवलं: सकाळी आठही चालू आहेत ना बघायचं, रेकॉर्डिंग तीस दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. ओळखीच्या माणसाभोवती हिरवी चौकट येते, वर नाव. अनोळखी असला तर लाल. फाटकही हिरव्यालाच उघडतं. मजा वाटली.

८ जानेवारी
माझ्याभोवती हिरवी चौकट येते, पण नाव येतं 'तंकम्मा'. जोजीसारांना सांगितलं, मी विलासिनी. ते हसले. मला चेची, म्हणजे ताई म्हणतात. म्हणाले, चेची, फाटक, भोंगा सगळं आधीच्या बाईच्या नावावर लावलंय, म्हणून तुमचा चेहरा तिच्याच नावात घातला. ओळखल्याशी मतलब, नावात काय आहे? डोकं सणकलं. चव्वेचाळीस वर्षं वापरलेलं नाव आहे माझं, कुणाच्या उष्ट्या ताटात का जेवू? उद्या बदलतो म्हणाले.

११ जानेवारी
बदललं नाही. मासे घेऊन येणारी मरियम फाटकातून म्हणाली, तू होय तंकम्माच्या जागी? विहिरीवर जाळी टाकली का गं त्यांनी, की अजून उघडीच? मला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं सगळं सांगितलं.

घरात आल्यावर चौदा डिसेंबरचं रेकॉर्डिंग काढलं. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. माझ्याच वयाची बाई बादली ओढत होती. पाय घसरला. चौकट कठड्यापलीकडे गेली, नाव तेवढं क्षणभर हवेत राहिलं.

जोजीसारांना विचारलं, तुम्हाला कळलं नाही? ओळखीच्यांचे इशारे बंद ठेवलेत म्हणाले, सारखा फोन वाजतो. बाई बुडत होती आणि यांना फोन वाजायला नको! आठ कॅमेरे बसवले मेल्यानं, एक जाळी नाही. चांगलं सुनावलं. अम्मच्चीला टाकून जाववत नाही, नाहीतर आजच पेटी उचलली असती.

१३ जानेवारी
ते रेकॉर्डिंग आज पुसलं गेलं. त्या जागी नवं आलंय, आजच्याच तारखेचं. चार वाजून दहा. विहीर, हिरवी चौकट, 'तंकम्मा'. चौकटीत कुणीच नाही.
चार वाजता मी अम्मच्चीचे पाय चेपत होते.
जोजीसार म्हणतात, केळीचं पान हललं असेल. पानाला नाव असतं का?

१४ जानेवारी
आज चौकट विहिरीवर नाही. मागच्या पायरीवर. ओल्या पावलांचे ठसे — पुसले मी, स्वतःच्या हातांनी.
नाव बदला म्हणून चार वेळा फोन केला. शेवटी ओरडले, कामाशी काम ठेवा. ओरडा! मीही ओरडले.

१५ जानेवारी
स्वयंपाकघराच्या खिडकीत हिरवी चौकट. आता आत बाई आहे, पाठमोरी. माझी निळी साडी. ती साडी तर दोरीवर —
माझ्याभोवतीची चौकट लाल झालीय. 'अनोळखी'.
अम्मच्चीनं विचारलं, तू कोण गं? तंकम्माला बोलाव.

१६ जानेवारी
मरियमला बोलावून आणते, अम्मच्चीला तिच्या हवाली करते आणि सुटते, असं ठरवून निघाले. फाटक उघडेना. भोंगा. कॅमेऱ्यातून जोजीसार — तंकम्मा चेची, फाटकाशी ती बाई कोण, हाकला तिला!
मी किंचाळले, मी विलासिनी, नालायका, डोळे फुटले का —
घरातून कुणीतरी म्हणालं, हो सार, हाकलते.

आत आले. दुसरीकडे जाणार कुठे. कॉम्प्युटरसमोर बसलेय. चार वाजून आठ. जेवणघराच्या खिडकीत मी, लाल. दारात हिरवी. वही भिजतेय, वरून पाणी —
सोडणार नाही. कुणीतरी वाचेल. निदान नाव तरी लिहून ठेवते. माझं नाव तंक
खोडलं. माझं. पुन्हा लिहिते. माझं नाव तंकम्