देवीची ज्योत आणि माझा तळहात

३ नोव्हें.
सकाळच्या एस.टी.ने रेखाकडे. माझी सख्खी धाकटी बहीण, आणि स्वतःच्याच घरात चोरासारखी बसलेली. नवरा भाद्रपदात कपाशीवर फवारताना विषबाधेनं गेला. आता म्हणे तिच्याच पापानं गेला. देवळात एक महाराज उतरलाय. त्याच्याकडे काचेचा गोळा, 'देवीची ज्योत'. निर्मळ माणसानं बोट लावलं की आतली वीज बोटाशी येते. रेखाच्या बोटाशी आली नाही. थोरली जाऊ भर देवळात म्हणाली, "पांढऱ्या पायाची हाये, म्या पयलेच सांगतलं होतं." तेव्हापासून एकही बाई वेचायला येत नाही. कापूस बोंडातून लोंबून मातीत पडतोय. भाव आधीच मेलेला.
जेवण गेलं नाही. त्या जावेचं तोंड सारखं दिसतंय.

४ नोव्हें.
यवतमाळ. कॉलेजच्या लॅबमधला तसलाच प्लाझ्मा गोळा काढला. अकरावीला दर वर्षी शिकवते. काचेत विरळ वायू, मधल्या गोळीवर काही हजार व्होल्ट, झपाझप उलटसुलट होणारे. वायू उजळतो, रेघा निघतात. बोट लावलं की विजेला अंगातून जमिनीकडे वाट मिळते, रेघ तिकडे वळते. पण मागून कोणी अख्खा तळहात टेकवला तर? करून पाहिलं. तळहात सगळ्या रेघा ओढून घेतो, बोट कोरडंच.
रेखाला फोन. महाराज बसतो कसा?
"गोळ्यामागं. हात शालीतच रायते त्याइचे."
सापडला. सोडणार नाही.

८ नोव्हें.
सगळ्यांना समजावून सांगायचं म्हणून देवळात गेले. 'वायू' एवढं म्हणेपर्यंत जाऊ बोलली, "मास्तरकी शाळंत करजा, ताई." बायका हसल्या. डोकं फिरलं.
नमस्काराला वाकले, पदराखालून तळहात काचेला टेकवला. म्हटलं, "महाराज, दोन्ही हात शालीभाईर काढा अन् आधी तुमीच बोट लावून दाखवा." लोकांसमोर नाही म्हणता येईना. लावलं. एकही रेघ आली नाही, सगळ्या माझ्याकडे. त्यानं पदराकडे पाहिलं, त्याला कळलं. पण बोलला तर स्वतःची लबाडी सांगावी लागणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. इतकं बरं वर्षभरात वाटलं नव्हतं.

११ नोव्हें.
रेखाचा फोन. महाराज गोळा टाकून पळाला. बायका वेचणीला आल्या. मी लॅबमध्ये एकटीच हसले.

१४ नोव्हें.
रेखाकडे. गोळा तिच्या ओसरीवर, हळदकुंकू लावलेला. बायकांची रांग. महाराज माझ्यापुढे हरला, म्हणून देवी म्हणे आता माझ्या हातात आहे. खरं काय ते सांगितलं. पदर, तळहात, सगळं. एक म्हातारी म्हणाली, "देवीनंच सुचवलं असन तुमाले."
मग जाऊ आली, बोट पुढे करून. रेखा माझ्या कानाशी, "टेकव हात, ताई. इच्या वावरातबी एकबी बाई जाऊ नये."
आधी चहा घेऊ म्हणून उठले. तेवढ्यात लाइट गेली. जाऊ सकाळी परत येणार आहे. रेखानं माझं अंथरूण गोळ्याजवळच घातलंय. समजवायला हवं तिला. पण खरं लिहायचं तर हात माझेही शिवशिवतायत.