हिची खुर्ची

४ फेब्रुवारी, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. फक्त खुर्चीच्या कामाची. घरगुती भानगडी इथे लिहायच्या नाहीत.

परिस्थिती: जेवणाच्या टेबलाजवळची हिची खुर्ची मोडली. ही तिच्यावर बसलेली होती. उजवं मनगट, सहा आठवडे प्लास्टर. ही धाकट्या बहिणीकडे गेली आहे. केस विंचरायला कोणीतरी लागतं, एवढंच कारण.

ही म्हणते, मी पडले आणि तुम्ही आधी खुर्ची उचललीत. उचलली. वाटेत होती.

सहा आठवडे भरपूर झाले. ही परत येईल तेव्हा खुर्ची तयार.

५ फेब्रुवारी

अभ्यास केला. पायाच्या डोक्यावर कुसू, म्हणजे तासून ठेवलेलं बारीक टोक; बैठकीखाली खाच. कुसू खाचेत जातं. खिळा नाही, स्क्रू नाही. फार सुंदर कल्पना आहे. आमच्या खुर्चीचं कुसू गेली चार वर्षं ढिलं होतं. ही सांगत असे. मी तीन वेळा सरस भरला. दोष सरसाचा.

खालच्या मजल्यावरचे मिस्त्री म्हणाले, साहेब, द्या इकडे, एका दिवसाचं काम. नको म्हणालो. ते म्हणाले, मग एक करा, करवत रेघेच्या बाहेरून चालवा. रेघ राखायची, खायची नाही.

एवढं मला कळतं.

९ फेब्रुवारी

पटाशा तीन. गुण्या एक. करवत नवी. करवत हातात डुगडुगते. म्हणून आधी जिग करायचा, म्हणजे करवतीला सरळ धरून ठेवणारा लाकडी साचा. जिग करायला लाकूड सरळ कापावं लागतं. त्यासाठी जिग हवा.

विचार चालू आहे.

१५ फेब्रुवारी

पहिला जिग पूर्ण. हिला सांगायला फोन केला. मेहुणीने उचलला. ही आहे का, विचारलं. मेहुणी म्हणाली, कोण ही? तुमच्याजवळ असते तेव्हा ही, भाऊजी. इथे आल्यावर ती झाली.

मेहुणीला पहिल्यापासून विनोदाची हौस.

ही झोपली होती म्हणे. सकाळचे साडेअकरा.

२२ फेब्रुवारी

पहिलं कुसू. ढिलं. खाचेत गरगर फिरतं. जिग नेमका रेघेवर बसला होता, त्यामुळे करवतीने रेघ खाल्ली. माझी चूक नाही. ते कुसू कापून टाकलं, खाली नवं आखलं. पाय दीड इंच आखूड झाला, म्हणून बाकीचे तीनही तेवढेच कापले. दीड इंच कोणाच्या डोळ्यांत भरणार आहे?

संकल्प: दुसरा जिग.

३ मार्च

आज कुसू जाड. ठोकून बसवलं. पाय उभा चिरला. आणखी दीड इंच.

आवाज ऐकून मिस्त्री वर आले. हॉलमध्ये पाच जिग मांडलेले. सगळे नीट पाहिले. मग म्हणाले, छान आहेत हो साहेब. खुर्ची कुठंय?

कुसू ढिलंच ठेवा आणि पाचर मारा, म्हणाले. बसेल. मी नाही म्हणालो. पाचर म्हणजे कबुली.

११ मार्च

हिचा कपाटातला कप्पा अर्धा रिकामा दिसला. धूळ बसू नये म्हणून नेले असतील कपडे. लाकडाचा भुसा फार उडतो.

खुर्ची आता बारा इंच. बैठक बुटकी असली की पाठीला आराम मिळतो.

२० मार्च

मुलीचा फोन. आईचं प्लास्टर गेल्या आठवड्यातच निघालं म्हणे. मला कळवायचं घाईत राहिलं असणार.

मुलीने विचारलं, बाबा, तुम्ही एकदा तरी भेटायला गेलात का? म्हणालो, अगं, रिकाम्या हाताने कसा जाऊ? खुर्ची व्हायची आहे. मी बराच वेळ हॅलो हॅलो केलं.

नेटवर्क खराब.

२९ मार्च, संध्याकाळी ६

जमलं! चारही पाय बसले. सरस नाही, पाचर नाही. बसून पाहिलं, डोललो, जोर लावला. हलत नाही.

हिला मेसेज केला: खुर्ची तयार आहे. दहा मिनिटांत उत्तर: रविवारी येते.

मी म्हणतच होतो.

२ एप्रिल, रविवार, दुपारी ४

हॉल झाडला. जिग पलंगाखाली ठेवले. ही मुलीबरोबर आली. अकराला.

म्हणालो, बस. ही बसली. टेबल थेट हिच्या खांद्याला लागलं. मोठ्यांच्या पंगतीत बसवलेल्या लहान मुलीसारखी दिसत होती. हसली. अशी हसलेली किती वर्षांनी पाहिली. मीही हसलो. मुलगी तोंड फिरवून आत गेली.

मग हिने उजवा हात टेबलावर ठेवून मनगट वळवून दाखवलं. पूर्ण वळत नाही अजून. मी म्हणालो, बघ, हलत नाही. ही म्हणाली, काय? म्हणालो, खुर्ची. ही म्हणाली, हो. चांगली झाली आहे.

इतक्या खालून उठणं हिला जड गेलं. हिने हात पुढे केला. मी मागून खुर्ची धरली होती, सरकू नये म्हणून. मुलीने येऊन हात दिला.

दोन बॅगा भरून घेऊन गेल्या. उन्हाळ्याचे कपडे असणार.

घराची किल्ली टेबलावर आहे. विसरली.

३ एप्रिल

जिन्यात मिस्त्री भेटले. बाई आल्या होत्या वाटतं, म्हणाले. म्हणालो, हो, ती आली होती.

खुर्ची मोजली. नऊ इंच. चारही पाय समान, सांधे घट्ट. खुर्चीत दोष नाही. टेबल उंच आहे.

उद्या टेबलाचे पाय कापायला घेतो. या वेळी रेघ राखून.